सेंटओएस ७ सोडायचंय: बेळगावात बसून जांबोटीचा पोस्टग्रेस सांभाळायला कुठली ओएस?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. मालकांचा काजूचा कारखाना. एक सर्व्हर खानापुरात, दुसरा जांबोटीच्या गोदामात. दोन्हीवर सेंटओएस ७ ही लिनक्स ओएस आणि पोस्टग्रेस १२ हा डेटाबेस. सेंटओएसचा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला, मी आपला आज करू उद्या करू करत बसलो. मी असतो बेळगावात. पावसाळ्यात जांबोटीला जायचं म्हणजे दिवस मोडला. तिथं मोबाइलचा राउटर, पब्लिक आयपी नाही, म्हणजे बाहेरून थेट जोडता येत नाही. मालकांचा पुतण्या म्हणतो विंडोज टाका, माउसनं करता येतं. काय टाकू?

उद्यमबागवाला
पुतण्याला चहा पाजा आणि परत पाठवा. अशक्त लाईनवर रिमोट डेस्कटॉप उघडून बघा एकदा, माउस इथं, बाण तिथं. एसएसएच, म्हणजे दुरून नुसत्या टाइप करून कमांड द्यायची सोय, तेवढ्याच लाईनवर आरामात चालते.

आमच्या फाउंड्रीत डेबियन १२ आहे, तक्रार नाही. पण तुमचा हात सेंटओएसच्या यम-आरपीएमवर (सॉफ्टवेअर टाकायच्या कमांड) बसलाय ना? मग अल्मा किंवा रॉकी ९ घ्या, तिथं तीच पद्धत. रात्री दोनला फोन आला की बोटांना जे येतं तेच कामाला येतं.

निपाणीचा डीबीए
ओएस कुठलीही घ्या, पण पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी (फायलींचं फोल्डर) उचलून नव्या मशीनवर टाकू नका! मी टाकली होती. सर्व्हर झकास सुरू झाला, लॉगमध्ये चूक नाही. आठवड्यानं क्लार्क म्हणाला, "ओ, हे खातं सापडेना झालंय." ओळ टेबलात होती, इंडेक्समधून (शोधायच्या क्रमवार यादीतून) मिळत नव्हती. तीच नोंद दोनदा येऊ नये म्हणून युनिक इंडेक्स असून एक खातं दोनदा चढलेलं.

कारण ग्लिबसी, लिनक्सची मूळ लायब्ररी. अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस सहसा तिच्याकडून घेतं, आणि २.२८ मध्ये तो क्रम बदलला. सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे, नव्या सगळ्यांत २.२८ च्या पुढची. जुना इंडेक्स जुन्या क्रमानं लावलेला, शोध नव्या क्रमानं. स्ट्रीमिंग रेप्लिकानं (फायलींची हुबेहूब नक्कल) नेलात तरी तेच. पीजी_डंपनं डेटा बाहेर काढून रिस्टोअर करा, इंडेक्स नव्यानं बनतात. बंद ठेवायला वेळच नसेल तर लॉजिकल रेप्लिकेशन, त्यात फायली नाही, ओळी जातात.

खानापूरकर
बापरे. मी आरसिंकनं फायलीच उचलणार होतो. आमच्यात तर नावं मराठीतही आहेत, कन्नडमध्येही. आणि पब्लिक आयपीचं काय?

उद्यमबागवाला
छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) भाड्यानं घ्या, दोन्ही सर्व्हर वायरगार्ड या व्हीपीएननं त्याला जोडा. जांबोटीकडून पर्सिस्टंटकीपअलाइव्ह २५ ठेवा (दर २५ सेकंदांनी एक खूण जाते), नाहीतर राउटर वाट विसरतो. पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवू नका, एसएसएचला फक्त की, पासवर्ड नको. अपग्रेड टीमक्समध्येच चालवा, लाईन मध्येच गेली तरी काम चालू राहतं.

आणि एक. बायोसमध्ये वीज परत आली की आपोआप चालू व्हायची सेटिंग बघा. ती नसली तर कुठलीही ओएस असो, बटण दाबायला तुम्हीच जाणार.

खानापूरकर
अल्मा ९ ठरवलं. डेबियन १२ ची लांबवलेली मुदतही २०२८ पर्यंत, अल्माची २०३२. जांबोटीचा रस्ता बघता २०३२ च बरं. पोस्टग्रेस १२ चा सपोर्टही २०२४ मध्येच गेला, म्हणून थेट १७ वर रिस्टोअर करतो. रविवारी कारखाना बंद असतो, सकाळी सुरू करतो.

निपाणीचा डीबीए
रविवारी नको. आधी एखाद्या जुन्या डब्यावर रिस्टोअर करून बघा, घड्याळ लावून. किती तास लागतात कळलं की मग मालकांना रविवार सांगा.