एनएमसीएलआयने स्थिर आयपी दिला, तरी जुनाच पत्ता दिसतो

सर्व्हर_राखण
दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) काम करतोय. डीएचसीपी (पत्ता आपोआप देणारी सोय) काढून १९२.१६८.१.५० हा स्थिर पत्ता द्यायचा आहे. 'एनएमसीएलआय कॉन मॉड' (लिनक्सवर नेटवर्क सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरची प्रोफाइल, म्हणजे साठवलेली सेटिंग्ज, बदलणारी कमांड) ला पत्ता, गेटवे (बाहेरची वाट देणारा राउटर), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) आणि मेथड मॅन्युअल एकाच ओळीत दिलं. एरर नाही, पण 'आयपी ॲडर' जुनाच पत्ता दाखवतं. 'कॉन अप' केलं (प्रोफाइल लागू केलं) तर मशीन हातचं जाईल का? चाचणीच्या मशीनवर तेच करून पाहिलं तर इंटरनेट चालतं, पण लॅनवरची काही मशीन्स पिंग होत नाहीत.

रूट_टेबल
मॉडने फक्त साठवलेलं प्रोफाइल बदलतं, चालू कनेक्शन नाही. 'एनएमसीएलआय कॉन शो' ला प्रोफाइलचं नाव देऊन बघा: लहान अक्षरांतल्या ओळी साठवलेल्या, मोठ्या अक्षरांतल्या सध्या लागू असलेल्या. पण बदल डिस्कवर गेलाय, म्हणजे पुढच्या रीबूटला तो आपोआप लागेल. त्याआधीच निस्तरा.

पिंगचं कारण बहुधा पत्त्यामागे /२४ (कोणते पत्ते याच लॅनवर आहेत हे सांगणारा आकडा) न लिहिणं. ते नसलं की एनएमसीएलआय /३२ धरतं, म्हणजे लॅनवर फक्त हा एकच पत्ता. गेटवेची वाट नेटवर्कमॅनेजर स्वतः घालतो, म्हणून इंटरनेट चालतं. शेजारच्या मशीनचं पॅकेटही मात्र गेटवेकडेच जातं. तो ते परत लॅनवर सोडेल की टाकून देईल, हे त्या राउटरवर अवलंबून.

टर्मिनल_कट्टा
दूरच्या मशीनवर परतीची वाट ठेवल्याशिवाय 'कॉन अप' करू नका. 'कॉन क्लोन' ने प्रोफाइलची प्रत काढा, तिला 'नवं' नाव द्या, त्यात /२४ घाला आणि ऑटोकनेक्ट-प्रायॉरिटी १० ठेवा (मूळची ० असते; मोठ्या आकड्याचं प्रोफाइल आधी लागतं). मूळ प्रोफाइल परत ऑटोवर (डीएचसीपीवर) आणा; गेटवे, पत्ता आणि डीएनएस त्याच ओळीत रिकाम्या अवतरणांनी पुसा, नाहीतर डीएचसीपीच्या जोडीला स्थिर पत्ताही राहतो.

मग रूट म्हणून टायमर लावा: 'सिस्टमडी-रन --ऑन-ॲक्टिव्ह=२एम --युनिट=परत एनएमसीएलआय कॉन अप जुनं' ('जुनं'च्या जागी मूळ प्रोफाइलचं नाव). लगेच 'कॉन अप नवं'. सेशन गोठेल, ते अपेक्षितच आहे. .५० वर लॉगिन झालं तर 'सिस्टमसीटीएल स्टॉप परत.टायमर'. नाही झालं तर २ मिनिटांनी जुनं प्रोफाइल आपोआप वर येतं. स्लीप पार्श्वभूमीत टाकण्यापेक्षा हे भरवशाचं, कारण टायमर एसएसएच सेशनला बांधलेला नसतो.

सर्व्हर_राखण
/२४ नव्हतंच. आता पिंग लागतो आणि .५० वर लॉगिनही होतं. पण रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (डीएनएस सर्व्हरची यादी असलेल्या फाइलमध्ये) दिलेल्या डीएनएससोबत राउटरचा एक आयपीव्ही६ पत्ता दिसतोय.

रूट_टेबल
तो राउटरच्या आयपीव्ही६ जाहिरातीतून येतो. आयपीव्ही४ मॅन्युअल केल्याने तो थांबत नाही. 'कॉन मॉड नवं आयपीव्ही६.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस' करा आणि नंतर 'एनएमसीएलआय डिव्हाइस रीअप्लाय' ला इंटरफेसचं नाव द्या. रीअप्लायने कनेक्शन खाली न येता बदल लागतो, त्यामुळे एसएसएच चालू राहतं.