एलपीजीवरची गाडी: पंप बंद पडतायत म्हणून विकायची का?

वाईकर (धागाकर्ता)

घरात ठराव झालाय: आपली वॅगन आर काढून टाकायची. कारण काय, तर गॅसचे पंप राहिले नाहीत. ठरावाला माझा एकट्याचा विरोध आहे, म्हणून इथे मांडतो.

गाडी २०१० ची, ड्युओ. म्हणजे कंपनीतूनच पेट्रोल आणि एलपीजी असं दोन्ही घेऊन आलेली. पुणे–सातारा–कोल्हापूर हा आमचा पट्टा. इथले ऑटो एलपीजीचे पंप गळत चाललेत हे खरं आहे. कुठे नोझलला पोतं गुंडाळून ठेवलंय, कुठे 'गॅस संपला आहे' ही पाटी इतक्या वर्षांची की अक्षरं उन्हाने उडालीत. पण म्हणून गाडी विकायची?

उदाहरणादाखल हिशोब करू. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडी १५ ची सरासरी देते असं धरा, किलोमीटरला जवळपास ७ रुपये पडतात. गॅसला लिटरमागे ऊर्जा कमी, त्यामुळे सरासरी १२ वर येते. गॅस ६५ रुपयांना मिळाला तर किलोमीटरला ५ रुपये ४० पैसे. म्हणजे दीड रुपया सुटला. थोडक्यात, गॅसचा दर पेट्रोलच्या ८० टक्क्यांच्या खाली आहे तोवर गॅस परवडतो. वर गेला की बटण दाबायचं आणि पेट्रोलवर यायचं. माझी गाडी कुठे अडून बसत नाही. मग पंप कमी झाले म्हणून एवढं आकांडतांडव कशाला? वाटेत मिळाला तर भरायचा, नाही मिळाला तर पुढे.

घोडबंदर_रोड

हिशोब अर्धाच केलात. ३० लिटर गॅस भरलात, त्यात ३६० किलोमीटर गाडी गेली, साडेपाचशे रुपये वाचले. बरोबर? आता पंपासाठी येऊन-जाऊन २० किलोमीटरची वाकडी वाट केलीत की त्यातले शंभर-सव्वाशे तिथेच गेले. तासभर गेला तो वेगळा. आणि पोचल्यावर पोतं दिसलं की सगळंच मुसळ केरात.

सरळ सीएनजीची गाडी घ्या. महाराष्ट्रात आता तालुक्याच्या गावाला सीएनजी मिळतो. एकही कंपनी आज कारखान्यातून एलपीजीची कार देत नाही, यातच काय ते समजा.

वाईकर

वाकडी वाट करा असं मी म्हटलंच नाही. 'वाटेत मिळाला तर' असं लिहिलंय, पुन्हा वाचा.

सीएनजीचं कौतुक मला सांगू नका. २०२५ च्या नोव्हेंबरात आरसीएफ या खत कंपनीच्या आवारात गेल कंपनीच्या गॅसवाहिनीला धक्का लागला आणि तुमच्याच मुंबई-ठाण्यात रिक्षा-टॅक्सी पंपांबाहेर ताटकळल्या. सगळं शहर एका नळावर टांगलेलं. शिवाय डिकीत २०० बार दाबाचा नळकांडा, बॅगा मांडीवर. एलपीजीचा दाब ८-१० बार.

घोडबंदर_रोड

दोन दिवसांत सुरळीत झालं होतं ते. तुमचा पंप किती वर्षांनी सुरळीत होणार आहे?

नुसती_वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. चालू द्या.

पंपावरचा

माझ्या कुटुंबाचा पंप होता, त्यात एलपीजीचं एक मशीन होतं. ते आम्ही काढलं, म्हणून ही बाजू पण ऐका.

तुम्ही कारवाले स्वतःला गिऱ्हाईक समजता. खरं गिऱ्हाईक रिक्षावाला होता. तो रोज यायचा, कधी दोनदा. थोडाच भरायचा, पण रोज भरायचा. कारवाला आठ-दहा दिवसांनी उगवणार, त्यातही सुट्टीला गावी जायचं असेल तेव्हा. पुण्यात महापालिकेने रिक्षांना सीएनजी किटसाठी अनुदान दिलं, सीएनजी स्वस्त पडायला लागला, आणि रिक्षा बघता बघता तिकडे वळल्या. उलाढालीचा तो पायाच निघाला.

आता असं बघा. गॅस टँकरने येतो. टँकर उतरवला की पैसे जमिनीखाली गाडले गेले. पूर्वी तो माल आठवड्यात संपायचा. नंतर महिना उलटला तरी टाकी अर्धीच. त्यात दर महिन्याला बदलणार. दर उतरला की महाग घेतलेला माल स्वस्तात विकायचा. मशीनची वैधमापनकडून पडताळणी, टाकीच्या तपासण्या, स्फोटक विभागाचा परवाना, भरून देणारा शिकलेला पोरगा, हे सगळं दिवसाला चार गाड्या आल्या तरी तेवढंच लागतं आणि चाळीस आल्या तरी तेवढंच.

वाईकर, तुम्ही लिहिलंय 'मिळाला तर भरायचा'. तुमच्यासारखेच सगळे 'मिळाला तर'वाले उरले, म्हणून आम्ही बंद केलं. राग मानू नका.

वाईकर

राग नाही. पण मग उरलेल्या पंपांना आम्हीच आधार द्यायला हवा ना? गाडी विकून काय होणार, अजून एक गिऱ्हाईक कमी.

घोडबंदर_रोड

पंप जगवायला गाडी ठेवायची? धन्य आहे.

मेलबर्नमधला_आप्पा

पंपावरचा यांना शंभर टक्के अनुमोदन. मी ऑस्ट्रेलियात आलो तेव्हा इथे जिथे जाल तिथे एलपीजी होता. टॅक्सी म्हणजे फोर्ड फाल्कन आणि फाल्कन म्हणजे गॅस. २००६ मध्ये तर सरकारने खासगी गाड्यांना किट बसवायला रोख अनुदान सुरू केलं होतं. पुढे २०११ च्या डिसेंबरपासून गॅसवर उत्पादन शुल्क लागलं, ते टप्प्याटप्प्याने वाढवलं. २०१४ मध्ये अनुदान थांबलं. २०१६ मध्ये फोर्डचा इथला कारखाना बंद, २०१७ मध्ये होल्डनचा. तोवर टॅक्सीवाले टोयोटाच्या हायब्रिडवर गेले होते. मग पंपवाल्यांनी मशीनं उचलायला सुरुवात केली.

आणि गंमत म्हणजे गॅस या देशात स्वतःचा आहे, तरीही हे झालं. भारताला तर निम्म्याहून जास्त एलपीजी आयात करावा लागतो, तोही बहुतेक आखातातून. त्यात सरकारला आधी चूल पेटती ठेवायची असते, तुमची वॅगन आर नंतर.

चष्मिष्ट

आप्पा, करातही तोच क्रम दिसतो. घरगुती गॅसवर ५ टक्के जीएसटी, गाडीच्या गॅसवर १८.

जयनगर_चौथा_ब्लॉक

महाराष्ट्र म्हणजे भारत नव्हे हो. बेंगळुरूत मला एलपीजीची कधीच चणचण जाणवली नाही. इथल्या रिक्षा मोठ्या संख्येने अजून एलपीजीवर आहेत, त्यामुळे पंपही चालतात आणि किटची कामं करणारेही टिकून आहेत. चेन्नई, कोलकात्यालाही गॅसवरच्या रिक्षा आहेत. रिक्षांच्या रांगेत उभं राहावं लागतं, तेवढंच. वाईकरांची गाडी इथे असती तर हा धागाच निघाला नसता.

थोडक्यात, 'एलपीजी संपला' असं सरसकट बोलू नका. तुमच्या गावातल्या रिक्षा कशावर चालतात ते बघा, गाडी ठेवायची की नाही ते कळेल.

बबन_भाऊ

एवढं डोकं कशाला लावता राव. घरचा सिलिंडर आणि एक छोटी मोटर, झालं काम. आमच्याकडे व्हॅनवाले हेच करतात.

रिड्युसर

बबनभाऊ, हे कृपा करून इथे लिहू नका, कोणीतरी खरंच करायचं.

मी किट बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या धंद्यात आहे, सांगलीकडे. कायदा बाजूला ठेवा (गाडीत घरगुती गॅस वापरायला मनाईच आहे). कारण नीट समजून घ्या. पंपावर भरताना टाकीतला व्हॉल्व्ह ८० टक्क्यांवर गॅस आपोआप तोडतो. वरची २० टक्के जागा मुद्दाम मोकळी असते, कारण उन्हात गॅस पातळ रूपातच फुगतो. मोटर लावून सिलिंडर ओतणारे बरेचदा तो व्हॉल्व्हच निकामी करतात किंवा चुकवतात, आणि टाकी गच्च भरतात. मग मे महिन्यात उन्हात उभी गाडी. पातळ पदार्थाला फुगायला जागाच नसली की दाब कुठे जाणार? त्यात हे काम बंद खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये चालतं. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहतो. बाजूला पंख्याचं बटण दाबलं तरी तेवढी ठिणगी भडक्याला पुरे.

संपादक

घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरण्याची कृती सांगणारे प्रतिसाद यापुढे उडवले जातील. बबन_भाऊ यांचा प्रतिसाद पुढच्या उत्तरामुळे ठेवला आहे.

रिड्युसर

आता मूळ मुद्दा. इथे सगळे पंपांवर भांडताय, माझ्या मते त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. गाडी दुरुस्त करणारे हात आणि सुटे भाग कमी झालेत.

परवाच एक गाडी आली. गॅसवर टाकली की सिग्नलला बंद पडते, पेट्रोलवर ठणठणीत. रिड्युसरच्या (टाकीतून येणाऱ्या गॅसचा दाब कमी करणारा भाग, माझं इथलं नाव त्यावरूनच) तळाचा बोल्ट काढला तर आतून तपकिरी, तेलकट, काकवीसारखा चिकट ऐवज निघाला. गॅसमधले जड अंश तिथे साठतात. वर्षानुवर्षं कोणी काढलेच नव्हते. आतला रबरी पडदा वाळून पापडासारखा झालेला. पूर्वी हा पडद्यांचा संच पुण्यात हातोहात मिळायचा. आता त्या मेकचा शोधायला फोनवर फोन करावे लागतात, आणि मिळाला तरी गोदामात वर्षानुवर्षं पडून कडक झालेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं, गॅस खराब. गॅस बरा असतो हो.

दुसरं म्हणजे टाकी. दर ५ वर्षांनी तिची पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी लागते. सीएनजीची ३ वर्षांनी असते, पण ती करणारी केंद्रं गावोगाव झालीत. एलपीजीची टाकी घ्यायला अनेक जण आता नाहीच म्हणतात. वाईकर, तुमच्या टाकीवरच्या पट्टीवर तारीख कोरलेली असेल, ती आधी वाचा.

इथेनॉल_ग्रस्त

माझी अडचण वेगळीच. जुनी गाडी, ई२० साठी (म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी) बनलेलीच नाही, आणि पंपावर सहसा दुसरं पेट्रोल मिळत नाही. गॅसवर चालवली तर इथेनॉलपासून सुटका, हा फायदा कोणी मोजलाच नाही. मी तर नवीन किट बसवायच्या विचारात आहे.

रिड्युसर

पूर्ण सुटका नाही. सिक्वेन्शियल किटची (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं नवं किट) गाडी सुरू पेट्रोलवरच होते, इंजिन गरम झालं की गॅसवर जाते. त्यामुळे टाकीत थोडं पेट्रोल ठेवावंच लागतं, नाहीतर गाडीतला पेट्रोलचा पंप कोरडा फिरून जळतो. आता तेच ई२० तुमच्या टाकीत महिनोन्महिने पडून राहणार, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. म्हणजे रोज पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीपेक्षा तुमच्या टाकीत ते जास्त शिळं होणार. मधूनमधून टाकीभर पेट्रोल जाळून संपवा.

आणि नवीन किट? २०२२ मध्ये बीएस-६ (धुराच्या नव्या मानकाच्या) गाड्यांनाही बाहेरून किट बसवायची परवानगी मिळाली, पण माझ्याकडे त्यानंतर आलेली बहुतेक सगळी कामं सीएनजीची आहेत. ४० हजारांचं किट धरा आणि किलोमीटरला वाईकरांचा दीड रुपया धरा. २६-२७ हजार किलोमीटरनंतर पैसे वसूल, तेही प्रत्येक किलोमीटर गॅसवर गेला तर. आमच्या भागात तसा जाणार नाही. मी स्वतः हे काम करतो, तरी सांगतो, नको.

घोडबंदर_रोड

घ्या! दुकानदारच म्हणतोय नको.

रिड्युसर

नवीन नको म्हणालो. लागलेलं फेकून द्या असं म्हणालो नाही. वाईकरांच्या किटचे पैसे कधीच वसूल झालेत. टाकी चाचणीत पास झाली तर खुशाल वापरा. इंजिनाचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आणि त्यांच्यातली फट, म्हणजे गॅप, मात्र तपासून घेत जा. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्ह बसायची जागा झिजते आणि गॅप कमी होत जातो. सकाळी गाडी थरथरायला लागली की लोक प्लग बदलत बसतात.

वाईकर

टाकीची तारीख बघून आलो. पुढच्या वर्षी चाचणी आहे. तोवर गाडी जागची हलणार नाही, म्हणजे विकली जाणार नाही. घोडबंदर, तुम्हाला सीएनजीच्या रांगेत शुभेच्छा.

घोडबंदर_रोड

पुढच्या वर्षी चाचणी करणारा सापडला नाही की तीच गाडी भंगाराच्या भावात जाणार. आज निदान 'चालू गाडी' म्हणून चार पैसे येतील. हा मुद्दा तुम्ही सोयीस्करपणे टाळताय.

वाईकर

२०१० च्या गाडीचे आज तरी असे किती येणार आहेत? त्या चार पैशांसाठी नव्या गाडीचे हप्ते अंगावर घ्यायचे, यात कसली आलीय बचत?

चष्मिष्ट

रिड्युसर, एक शंका. चाचणी झालीच नाही आणि नुसती पेट्रोलवर चालवायची ठरवली, तर टाकी तशीच राहू दिली तर चालेल का? माझ्या भावाची तशीच पडून आहे.

रिड्युसर

नका राहू देऊ, आत गॅस असतोच. जाणत्याकडून रिकामी करून काढून घ्या. मग आरटीओत अर्ज करून आरसीवरची एलपीजीची नोंद उतरवा, नाहीतर गाडी विकताना किंवा पुन्हा नोंदणीच्या वेळी कागदावर एक आणि गाडीत दुसरंच असं होतं. विमा कंपनीलाही कळवा. बाहेरून बसवलेलं किट असेल तर त्याच्या किमतीवर ४ टक्के आणि वर थर्ड पार्टीचे ६० रुपये असा जादा हप्ता पडत असतो, तोही थांबेल. आणि काढलेली टाकी भंगारवाल्याला तशीच देऊ नका, तो तिच्यावर गॅस कटर चालवतो.