मामांनी चौकटची नव्वी टाकली आणि मी ती चुकीची वाचली: डिफेन्समधल्या खुणा कशा ठरवाव्यात?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. ब्रिज खेळायला लागून चार वर्षं झाली. माझे पार्टनर म्हणजे माझे सख्खे मामा, वय ७४. ते कॉलेजपासून खेळतात. मध्ये वीस वर्षं खेळ सुटला होता. २०१८ ला जकार्तात आशियाई स्पर्धांमध्ये ब्रिज पहिल्यांदा आलं आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोड्यांचं सुवर्ण जिंकलं. तेव्हा मामांनी माळ्यावरचे पत्ते खाली काढले. मला त्यांनीच शिकवलं, पण लॉकडाऊनमध्ये मी ऑनलाइन बरंच वेगळं शिकून बसले. अडचण तिथूनच सुरू झाली.

परवाचा डाव देते. बोलीत दक्षिणेने १ इस्पिक म्हटलं, उत्तरेने ३, दक्षिणेने ४; म्हणजे इस्पिक हुकूम आणि त्यांचं कॉन्ट्रॅक्ट दहा हातांचं. मी पश्चिमेला, म्हणजे मामा आणि मी डिफेन्सला, ते कॉन्ट्रॅक्ट पाडायला. उतारी (पहिलं पान) माझी.

उत्तर (डमी, म्हणजे टेबलावर उघडा मांडलेला हात): इस्पिक राजा १० ८ ४, बदाम राणी ७ ३, चौकट ५, किलवर राजा गुलाम १० ९ ६
मी: इस्पिक ६ २, बदाम राजा १० २, चौकट एक्का राजा १० ४ २, किलवर ८ ५ ३

मी चौकटचा एक्का लावला. डमीतून एकटी पंजी पडली, मामांनी नव्वी टाकली, दक्षिणेने तिर्री. आमचं ठरलेलं एकच होतं: मोठं पान म्हणजे आवडलं, लहान म्हणजे नको. मला वाटलं, मामांकडे राणी आहे, त्यांना चौकट हवी आहे. मी राजा लावला. तो डमीत हुकमाने मारला, दोन फेऱ्यांत हुकूम काढले, किलवर धडाधड चालली आणि दक्षिणेने आपली तिन्ही बदामं त्यावर फेकून दिली. बारा हात.

मामांच्या हातात बदामाचा एक्का, गुलाम, ९, ५ होते. दुसऱ्या हाताला मी बदामाची दुर्री लावली असती तर आम्हाला ओळीने तीन बदाम मिळाले असते आणि कॉन्ट्रॅक्ट एक डाऊन होतं, म्हणजे त्यांना एक हात कमी पडला असता. मामा एवढंच म्हणाले, "अगं, डमीत एकटं पान दिसत असताना मी तुला चौकट आवडली हे कशाला सांगीन? मी बदाम मागत होतो." मी म्हटलं, "मामा, हे आपलं कधी ठरलंच नव्हतं." दोघंही खरं बोलत होतो आणि दोघांनाही वाईट वाटलं.

माझा प्रश्न: कोणत्या वेळी कोणती खूण, याचा क्रम तुम्ही पार्टनरबरोबर कसा ठरवता? आणि उतारीबद्दल किमान काय काय बोलून घ्यावं?

चौथं पान

ताई, डाव नेमका मांडलात, त्यामुळे उत्तर सोपं झालं. आम्ही क्रम असा धरतो. पार्टनरने रंग लावला तर पहिली खूण आवडीची. डिक्लेअररने (बोली जिंकून डमीसकट दोन्ही हात खेळणाऱ्याने) लावला तर मोजणीची, म्हणजे सम पानं असतील तर आधी मोठं मग लहान, विषम असतील तर उलट. आणि आवड किंवा मोजणी सांगून काहीच फायदा नाही हे दोघांनाही दिसत असेल, तर ती खूण रंग मागण्याची. हुकूम आणि चालू रंग सोडून दोन रंग उरतात. मोठं पान म्हणजे त्यातला वरचा, लहान म्हणजे खालचा. तुमच्या डावात उरले बदाम आणि किलवर. नव्वी म्हणजे बदाम. मामांनी किलवर मागायची असती तर छक्की टाकली असती.

ही पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकात हाय लॅव्हिंथल यांनी मांडली. ब्रिटनमध्ये ती मॅकेनी नावाने रुळली आणि आमच्याकडची जुनी माणसंही मॅकेनीच म्हणतात. मामांच्या तोंडीही तोच शब्द असेल.

पण मला तुमची बाजूही पटते. डमीत एकटं पान असलं तरी कधी कधी डमीला हुकूम मारायला लावणं हाच चांगला डिफेन्स असतो. म्हणून आम्ही तिसरी सोय ठेवली आहे: मधलं पान म्हणजे 'हाच रंग चालू ठेव'. डमी आणि तुमची पानं वजा केली तर मामांकडे राणी, ९, ८, ६ असणार. अठ्ठी पडली असती तर राजा लावणं बरोबर होतं. मात्र मधलं पान ओळखायला वरची-खालची पानं मोजावी लागतात. ही सवय दोघांनाही हवी.

दादरकर आजोबा

मी ६९ चा आहे. नोकरीभर अंबरनाथहून लोकलने ये-जा केली आणि मांडीवर ब्रीफकेस ठेवून आम्ही चौघे रोज ब्रिज खेळायचो. गर्दीत बोलणं ऐकू येत नसे, त्यामुळे पानांनीच बोलायची सवय लागली. उतारीबद्दल लिहितो, कारण बहुतेक गैरसमज पहिल्या पानावरच होतात.

पहिली गोष्ट: एक्का-राजा असताना काय लावता? तुम्ही एक्का लावलात. तुमच्या मामांच्या काळात राजा लावायचे, मीही लावायचो. त्यात खोच अशी की राजा हा राजा-राणीवरूनही येतो. पार्टनरकडे गुलाम आणि दोन छोटी असतील तर त्याने काय करायचं? तुम्ही राजा-राणीवरून लावला असेल तर त्याला गुलाम दाखवायचाय, एक्का-राजावरून असेल तर गप्प बसायचंय. एक्का लावला की हा घोळ मिटतो. त्याची किंमत एवढीच की राजाशिवाय एकटा एक्का सहसा लावायचा नाही, नाहीतर पार्टनर फसतो. मामांना हे विचारलंय का? त्यांनी राजा लावला तर तुम्ही काय समजता?

दुसरी: नो ट्रम्पला (बिनहुकमी खेळात) लांब रंगातलं वरून चौथं पान. यावरचा अकराचा नियम (अकरातून लावलेलं पान वजा करा, तेवढी त्याच्या वरची पानं बाकीच्या तीन हातांत) मामांना पाठ असेल, पण तो का चालतो हे तुम्ही स्वतः कागदावर करून बघा. गुलामाला ११, राणीला १२, राजाला १३, एक्क्याला १४ धरा. छक्की लावली तर तिच्या वरची पानं १४ वजा ६, म्हणजे आठ. चौथं पान आहे, म्हणजे त्यातली तीन लावणाऱ्याकडेच. उरली पाच बाकीच्या तीन हातांत. समजा डमीत राणी ८ ३ आहेत आणि तुमच्याकडे एक्का १० ७. डमीत वरची दोन, तुमच्याकडे तीन, झाली पाच. डिक्लेअररकडे छक्कीच्या वर एकही पान नाही! डमीतून तिर्री आली की तुम्ही सत्ती टाकून हात घेऊ शकता, एक्का मोडायची गरज नाही. हे पहिल्यांदा टेबलावर जमलं तेव्हा मला त्या दिवशी झोप लागली नव्हती.

तिसरी: सलग मोठी पानं असतील तर सगळ्यात वरचं. राणी-गुलाम-दश्शी असेल तर राणी.

हुकमाच्या खेळात तीन क्षुल्लक पानांवरून काय लावायचं, यावर मात्र लोक भांडतात. ८ ५ ३ वरून काहीजण पंजी लावतात, मग अठ्ठी, मग तिर्री. पहिल्या हाताला पार्टनरला काहीच कळत नाही म्हणून मला ते आवडत नाही. मी लहान लावतो.

एडिसनहून

मी न्यू जर्सीत राहते आणि आठवड्यातून एकदा क्लबात खेळते. माझी बहुतेक पार्टनर मंडळी आवड आणि मोजणी दोन्ही उलट्या खेळतात: लहान पान म्हणजे आवडलं, मोठं म्हणजे नको. फायदा खरा आहे. नो ट्रम्पमध्ये माझ्याकडे राजा-गुलाम-दश्शी-दुर्री असेल आणि डिस्कार्डमध्ये (चालू रंग हातात नसताना फेकलेल्या पानातून) हा रंग हवा म्हणून सांगायचं असेल, तर सरळ पद्धतीत दश्शी फेकावी लागते आणि तिच्याबरोबर एक हातही जाऊ शकतो. उलट्या पद्धतीत दुर्री टाकून तेच सांगता येतं.

तरी ताई, मामांबरोबर हे आत्ता आणू नका. ज्याची बोटं पन्नास वर्षं एका पद्धतीने वळली आहेत, त्याला थकलेल्या वेळी जुनीच सवय आठवते. आणि अर्धी सरळ अर्धी उलटी अशी जोडी कोणत्याही पद्धतीपेक्षा वाईट. बदलायचंच असेल तर फक्त डिस्कार्डपुरतं बदला.

पत्तेपेटी

एक वेगळा मुद्दा, कारण माझ्या घरातही मामा-भाची अशीच जोडी आहे. आपण सगळे मेंढीकोट खेळत मोठे झालो. तिथे पार्टनरला भुवई उडवून सांगणं, पान जोरात आपटणं हा खेळाचाच भाग मानला जातो. ब्रिजमध्ये तो सोडून द्यावा लागतो. नियम स्पष्ट आहे: पार्टनरशी बोलायचं ते बोलीतून आणि पानातून. ते पान किती वेगाने किंवा कशा चेहऱ्याने टाकलं, यातून काही सांगायचं नाही. घरच्या माणसाबरोबर हे जास्त अवघड जातं. माझे मामा उसासा टाकतात तेव्हा मला पान बघायच्या आधीच कळतं. कळलं तरी त्याचा फायदा घ्यायचा नाही, हे मी त्यांना सांगून टाकलं.

आणि तुम्ही जे ठरवाल ते समोरच्यांनी विचारलं तर सांगायचं. आपल्या खुणा गुपित नसतात. म्हणून कन्व्हेन्शन कार्डावर (जोडीचं काय ठरलंय ते लिहायच्या कार्डावर) लिहाच. लिहायला बसलं की काय ठरलं नाही तेही दिसतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी मी हा धागा मामांना वाचून दाखवला. मॅकेनी शब्द आल्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हेच मी तुला सांगायला हवं होतं. मला वाटलं तुला माहीतच असेल."

मग आम्ही दोन तास बसलो. मामींनी दोनदा चहा दिला. आजोबांचा प्रश्न मी सरळ विचारला, तर मामा अजूनही एक्का-राजावरून राजाच लावत होते! चार वर्षांत मला ते लक्षात आलं नव्हतं, म्हणजे किती डावांत मी चुकीचा अर्थ लावला असेल. आता दोघंही एक्का. क्रम 'चौथं पान' यांनी लिहिला तोच घेतला. डमीत एकटं पान असेल तर मोठं-लहान रंगासाठी, मधलं म्हणजे चालू ठेव. उलट्या खुणा नाहीत, डिस्कार्डलाही नाहीत. मामा म्हणाले, एवढं सहा महिने न चुकता खेळू आणि मग बघू.

मामांनी स्वतःहून एक गोष्ट घातली, ती मला सगळ्यात मोलाची वाटली. खूण करायला हातातलं किती मोठं पान परवडेल हे आधी बघ, आणि परवडत असेल तेवढं मोठं टाक. नव्वी असताना अठ्ठी टाकून मला कोड्यात घालू नकोस.

एकच गोष्ट अडली आहे: तीन क्षुल्लक पानं. मामा मधलं लावतात, मला आजोबांसारखं लहान लावावंसं वाटतं. पण पार्टनरने बोली केलेल्या रंगात ८ ५ ३ असतील तर? लहान लावलं तर तिथे माझ्याकडे मोठं चित्र आहे असं त्यांना वाटणार नाही का? तिथे तुम्ही वेगळं काही ठरवलं आहे का?