दुबळे मंत्र सुधारण्यासाठी हाऊस रूल (गटाने स्वतः ठरवलेले नियम) कसे ठरवावेत?

विसपैलू

नमस्कार. आमचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती २०१४च्या नियमांनी खेळतो आणि डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, जबाबदारी माझ्याकडे आहे. मागच्या सेशनमध्ये आमच्या विझर्डने (जादूगार पात्राने) पहिल्या पातळीचा स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याची एक मोजकी संधी, खर्च करून गॉब्लिन या शत्रूवर विच बोल्ट हा विजेचा मंत्र टाकला. फासा चांगला पडला, वीज लागलीही. पण गॉब्लिन आपल्या टर्नला खांबाआड गेला आणि मंत्र तिथेच संपला. त्या खेळाडूने काही न बोलता कॅरेक्टर शीटवरच्या त्या नावाभोवती पेन्सिलीने चौकट काढली आणि नंतर सेशनभर त्या मंत्राकडे वळून पाहिले नाही. ट्रू स्ट्राइक आणि फाइंड ट्रॅप्स यांचीही आमच्याकडे हीच गत आहे. मी प्रत्येक ठिकाणी एकेक फासा वाढवून द्यावा का, की दुरुस्तीची याहून विचारपूर्वक पद्धत आहे? इतर खेळाडूंना अन्याय वाटू नये, हीसुद्धा माझी काळजी आहे.

दीर्घविश्रांती

फासा वाढवण्याआधी तो मंत्र खेळाडूकडून नेमके काय काय वसूल करतो, हे मांडून पाहावे असे मी आग्रहाने सुचवेन. विच बोल्ट स्लॉट घेतो, कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच मंत्रावर ठेवता येणारे लक्ष) घेतो, पुढच्या प्रत्येक फेरीतली ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) घेतो आणि वर ३० फुटांच्या आत उभे राहायला लावतो. आता हिशोब करू. हल्ला लागण्याची शक्यता ६० टक्के धरली आणि क्रिटिकल (दुप्पट फाशांचा फटका) बाजूला ठेवला, तर बारा बाजूंच्या फाशाची सरासरी ६.५ असल्यामुळे तीन फेऱ्या मंत्र अखंड टिकूनही सरासरी डॅमेज ११.७ इतकेच पडते. स्लॉट न लागणारा फायर बोल्ट हा मंत्र त्याच तीन फेऱ्यांत ९.९ देतो, आणि तोही १२० फुटांवरून. पहिल्या फेरीत न चुकता लागणारा मॅजिक मिसाइल मंत्र आणि पुढच्या दोन फेऱ्यांत फायर बोल्ट टाकला, तर बेरीज १७.१ होते. म्हणजे आपल्या विझर्डने स्लॉट देऊन जेमतेम दोन गुणांचा फायदा विकत घेतला असता, आणि तोसुद्धा गॉब्लिन जागचा हलला नसता तर.

म्हणूनच खरे दुखणे ॲक्शनमध्ये आहे. पुढच्या फेऱ्यांतील डॅमेज बोनस ॲक्शनने (ॲक्शनखेरीज मिळणाऱ्या छोट्या कृतीने) देऊ द्या आणि पल्ला ६० फूट करा. २०२४च्या सुधारित नियमांनीही हेच केले असून सुरुवातीचे डॅमेज दोन फाशांचे केले आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. जुन्या नियमांत वरच्या पातळीचा स्लॉट वापरला तर फक्त पहिला फटका वाढतो, आणि ते खटकल्यामुळे अनेक जण पुढचे फटकेही वाढवून देतात. बोनस ॲक्शन दिल्यावर हे करू नका. तिसऱ्या पातळीच्या स्लॉटला दर फेरीला तीन फाशांचे डॅमेज हल्ल्याच्या रोलशिवाय मिळू लागेल आणि विझर्ड दुसरे काही टाकणारच नाही.

नकाशेवाला

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त डॅमेज नसलेल्या मंत्रांबद्दल लिहितो. ट्रू स्ट्राइक एक ॲक्शन खर्च करून पुढच्या टर्नच्या पहिल्या हल्ल्याला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा) देतो. ६० टक्क्यांच्या हिशोबाने त्या हल्ल्याची शक्यता ८४ टक्के होते, पण दोन्ही फेऱ्यांत सरळ हल्ला केला असता तर सरासरी १.२ हल्ले लागले असते. शक्यता कितीही धरली तरी दोन साधे हल्लेच पुढे राहतात. पुढचा हल्ला मोठा स्लॉट खाणारा असेल तेव्हाच या मंत्राला अर्थ उरतो. आमच्या टेबलावर आम्ही तो बोनस ॲक्शनचा करून पाहिला आणि दोन सेशनांत मागे घेतला, कारण मग प्रत्येक टर्नला ॲडव्हांटेज मिळू लागला आणि इतरांच्या डावपेचांना किंमत राहिली नाही. २०२४च्या नियमांत त्याच मंत्राने, त्याच ॲक्शनमध्ये, मंत्रक्षमतेच्या बळावर शस्त्राचा हल्ला करता येतो. तो बदल उचलणे मला अधिक योग्य वाटते.

फाइंड ट्रॅप्स मला मनापासून आवडतो, म्हणून त्याची अवस्था जास्त लागते. दुसऱ्या पातळीचा स्लॉट देऊन क्लेरिकला (पुजारी पात्राला) कळते की समोर सापळा आहे आणि धोका साधारण कोणत्या प्रकारचा आहे. तो कुठे आहे, हे मात्र कळत नाही. आम्ही एवढेच ठरवले की सर्वांत जवळच्या सापळ्याची जागा क्लेरिकला दिसेल, पण तो कशाने सुटतो आणि कसा निकामी करायचा, हे शोधणे रोगकडेच (चोरट्या कामांत तरबेज पात्राकडेच) राहील. गेल्या वेळी क्लेरिकने दाराच्या डावीकडची तिसरी फरशी दाखवली आणि रोग तिथे गुडघे टेकून बसला. दोघांनाही काम मिळाले.

चौथीबाजू

माझा थोडा वेगळा मुद्दा आहे. डीएमसाठीच्या २०१४च्या मार्गदर्शिकेत मंत्राच्या पातळीनुसार डॅमेजचा तक्ता दिलेला आहे. त्यात पहिल्या पातळीच्या, एकाच लक्ष्यावरील मंत्राला दहा बाजूंचे दोन फासे आहेत. तिसऱ्या पातळीच्या, अनेकांवर पडणाऱ्या मंत्राला सहा बाजूंचे सहा आहेत, तर त्याच पातळीचा फायरबॉल मंत्र आठ फासे टाकतो. त्यामुळे फायरबॉलला मापदंड मानून इतर मंत्र वाढवत गेलात, तर थांबण्याची जागा सापडणार नाही. मंत्र खरोखर तक्त्याच्या खाली असेल तरच हात लावा.

अन्यायाच्या शंकेबद्दल सांगायचे तर बदल सेशनच्या मध्येच जाहीर करू नका. आधी सर्वांसमोर वाचून दाखवा, तीन सेशनांपुरता लागू करा, शत्रूच्या जादूगारालाही तोच नियम द्या, आणि ज्या खेळाडूने जुन्या नियमावर भिस्त ठेवून मंत्र निवडले असतील त्याला एक मंत्र विनाअट बदलू द्या.

विसपैलू

सर्वांचे आभार. विच बोल्टसाठी बोनस ॲक्शन आणि ६० फूट, वरच्या स्लॉटचा नियम होता तसाच, आणि फाइंड ट्रॅप्ससाठी जवळच्या सापळ्याची जागा, असे लिहून मी गटाला आजच पाठवत आहे. ट्रू स्ट्राइक सध्या कोणीच घेतलेला नाही, त्यामुळे त्याचा निर्णय कोणी मागेल तेव्हा घेऊ. तीन सेशन झाल्यावर विझर्डने ती चौकट खोडली की नाही, हे इथे येऊन कळवतो.