बर्ड्सव्हिल: शंभर डोकी आणि एक पब
कुणीतरी विचारलंय, की ऑस्ट्रेलियातल्या सिम्पसन वाळवंटाच्या कडेला त्या बर्ड्सव्हिलमध्ये शे-सव्वाशे माणसं राहतात तरी कशाला? अहो, गाव वाढलं ते जकातीवर! १९०१ च्या आधी क्वीन्सलंड आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वेगळ्या वसाहती. सीमा ओलांडणाऱ्या गुरांवर इथे कर घेत. वसाहतींचं मिळून संघराज्य झालं, जकात गेली, पण १८८४ चा पब राहिला. (पब टिकतोच म्हणा.) घोड्यांच्या शर्यतींना तर हजारो लोक धुरळा उडवत येतात.

मला मात्र नवल वाटतं ते पाण्याचं. हजार मीटरहून खोल बोअरमधून ते जवळजवळ उकळतंच वर येतं. भर वाळवंटात पाणी आहे, पण प्यायचं तर आधी गार करा! त्याच उष्णतेवर गावाने बरीच वर्षं वीजही बनवली.