मदत हवी आहे: ३२ शिरोबिंदू हवेत, मॉडेलमध्ये २० च

मंडळी, भाची सुट्टीत नागपूरला आली आहे. दुपारी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून कूलरपुढे बसून आम्ही रेक्टिफाइड टेसरॅक्टचं (टेसरॅक्ट म्हणजे चार मितींमधला ठोकळा; रेक्टिफाइड म्हणजे कडांच्या मध्यापर्यंत कोपरे छाटलेला) मॉडेल करायला घेतलं. खराट्याच्या काड्या, सांध्यांना मातीचे गोळे. (सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरून पाहिली. एका सांध्यात सहा काड्या कोंबताना जीव जातो.)

टेसरॅक्टच्या कडा ३२. प्रत्येकीचा मध्यबिंदू घेऊन तिथवर कोपरे छाटायचे, म्हणून नवे शिरोबिंदूही ३२. निर्देशक (०, ±१, ±१, ±१), शून्य चारही जागी फिरवायचं. प्रत्येक बिंदूपाशी ६ कडा, म्हणजे एकूण ९६. पृष्ठं ८८, घनाकृती २४: ८ क्यूबोक्टाहेड्रॉन (तसेच कोपरे छाटलेले साधे ठोकळे) आणि १६ चतुष्फलक. ३२ − ९६ + ८८ − २४ = ०. कागदावर सगळं चोख.

मग तीन मितींत बसवायला चौथा निर्देशक गाळून मॉडेल केलं, तर निघाला साधा ठोकळा! त्याच्या कडांच्या मध्यावर गोळे, आणि ते जोडणाऱ्या तिरप्या काड्या. बिंदू २०, काड्या ४८, त्याही दोन मापांच्या. सगळ्या कडा √२ हव्यात ना? भाची म्हणते, "मामा, अर्धं कुठं सांडलं?"

प्रतिसाद १
सांडलं नाही भाऊ, एकावर एक बसलंय. चौथा निर्देशक +१ असलेले १२ बिंदू आणि −१ असलेले १२ तुमच्या मॉडेलमध्ये एकाच जागी पडतात. ० वाले ८ म्हणजे ठोकळ्याचे कोपरे. काड्यांचंही तेच, प्रत्येक काडीत दोन कडा आहेत. ठोकळ्याच्या कडेवरच्या काड्या मुळात चौथ्या दिशेला कललेल्या, म्हणून त्यांची सावली १ च भरते.

निर्देशक नुसता गाळू नका. चौथ्याला 'च' म्हणा आणि पहिले तीन २ ÷ (२ − च) नं गुणा. +१ वाले दुप्पट लांब जातील, −१ वाले दोन तृतीयांशावर येतील, कोपरे जागेवरच. १० सेंमी एकक धरलं तर २८.३, १७.३, ११.१ आणि ९.४ सेंमीच्या प्रत्येकी २४ काड्या. सूत्रात २ च्या जागी ३ मात्र घेऊ नका, बाहेरच्या बाजूचे ८ चतुष्फलक पापडासारखे सपाट होतात.

धागाकर्ता
म्हणजे जवळपास १६ मीटर काडी! २८.३ वाल्या काड्या खराट्याच्या घेतल्या तर कूलरच्या वाऱ्यानं वाकतील, त्या बुरडाकडून बांबूच्या आणतो. बाकीच्या तासायला भाची बसलीसुद्धा.