पेडॉट-पीएसएसचा अँटेना: जाड थर तडकतो, मदत हवी आहे
नमस्कार. कपड्यावर बसवता येईल असा २.४५ गिगाहर्ट्झचा लवचिक पॅच अँटेना (सपाट, पातळ पत्र्यासारखा अँटेना) करतोय. तांब्याची पट्टी वारंवार वाकवली की तिला चिरा पडतात, म्हणून वाहक पॉलिमर निवडलं: पेडॉट-पीएसएस, त्यात वाहकता वाढवायला डीएमएसओ हे द्रावक.

खरी अडचण जाडीची आहे. वाहकता मीटरला १ लाख सीमेन्स धरली, तरी ती तांब्यापेक्षा शेकडो पटींनी कमी. या वारंवारतेला तांब्यात स्किन डेप्थ (प्रवाह पृष्ठभागापासून जेवढ्या खोलीपर्यंत मुख्यतः वाहतो ती) साधारण १.३ मायक्रॉन, तर इथे जवळपास ३२ मायक्रॉन येते. स्पिन कोटिंगच्या (द्रावण फिरत्या पृष्ठावर पसरवण्याच्या) एका थरात १०० नॅनोमीटरच्या आसपास जाडी मिळते, म्हणजे शीट रेझिस्टन्स (थराच्या एका चौरसाचा रोध) १०० ओहम! एवढ्या रोधात बहुतेक ऊर्जा उष्णतेतच जाणार. निदान १० मायक्रॉन जाडी मिळाली तर तो १ ओहमवर येईल. पण द्रावण ओतून जाड थर केला की वाळताना तो तडकतो आणि कडा खालच्या पीईटी प्लास्टिकवरून सुटतात.

कोणी इतका जाड थर न तडकता केला आहे का? सावकाश वाळवावं, की ग्लिसरॉलसारखं काही मिसळावं? त्याने वाहकता घसरते का? आणि केबलसाठीचा एसएमए कनेक्टर कसा जोडता? सोल्डरिंग शक्यच नाही, चांदीचा इपॉक्सी वाकवल्यावर टिकतो का?

रिटर्न लॉस (अँटेनाकडून किती ऊर्जा परत फिरते त्याचं माप) इथे फसवा आहे, कारण ऊर्जा खाणारा अँटेनाही छान मॅच दाखवतो. त्यामुळे कार्यक्षमता व्हीलर कॅपने (अँटेनावर धातूची टोपी झाकून मोजण्याच्या पद्धतीने) मोजायचा विचार आहे. पॅचसाठी ती टोपी केवढी घ्यावी, हेही कोणी सांगितलं तर फार उपकार होतील.